मे महिन्यातलं पाचारण शिबिर: लेकराला पाठवावं का?

दहावी-बारावीच्या परीक्षा उरकल्या की मराठवाड्यातल्या कॅथलिक धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) मिस्सेनंतरच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतरच्या, सूचनांमध्ये एक सूचना ठरलेली असते: व्होकेशन कॅम्प, म्हणजे पाचारण शिबिर, तीन दिवस, ज्या मुलांना फादर व्हावंसं वाटतं त्यांनी नावं द्यावीत. मग बाकावर कोपरानं ढोसाढोशी होते, दोन-चार नावं लिहिली जातात, आणि घरी गेल्यावर आई-बाप खरा प्रश्न काढतात: तिथं नेमकं करतात काय? अशाच एका शिबिराचं हे परीक्षण. शिबिराचं नाव, गाव आणि चालवणाऱ्यांची नावं मुद्दाम गाळली आहेत, कारण इथं सांगितलेल्या उणिवा थोड्याफार फरकानं बऱ्याच ठिकाणी दिसतात.

सोयीचं आधी सांगून टाकू. वर्गणी ३०० रुपये, नाही जमली तर माफ, आणि ती माफ करताना कुणी चारचौघांत विचारत नाही. जेवण साधं आणि पोटभर: सकाळी पोहे, दुपारी वरण-भात-भाजी, रात्री ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा. मुक्काम शाळेच्या हॉलमध्ये, वर पत्रे. मे महिन्यात दुपारी दोन ते चार त्या पत्र्याखाली बसवून ‘याजकपदाचं ईश्वरविज्ञान’ शिकवणं हा मुलांवर आणि ईश्वरविज्ञानावर सारखाच अन्याय आहे. ते सत्र पहाटे घ्यावं. पाणी टँकरचं, म्हणून आंघोळ एक बादली. आई-बापांचं संमतिपत्र घेतात, मोठ्यांची झोपायची सोय वेगळी असते आणि पापनिवेदन उघड्या व्हरांड्यात, सगळ्यांना दिसेल असं होतं. या तिन्ही गोष्टी कुठल्याही शिबिराला पाठवण्याआधी विचाराव्यात. समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर लेकराला पाठवू नये.

शिबिराचं सगळ्यात मोलाचं सत्र दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. भाषण नसतं. एका धर्मग्रामाच्या फादरांची आठवड्याची वही आणि त्यांची मिस्सेची बॅग टेबलावर ठेवतात. बॅगेतली एकेक वस्तू मुलांनी काढायची, ओळखायची आणि पुन्हा जागेवर भरायची: चालीस (द्राक्षारसाचा पेला), तबकडी, होस्टचा (मिस्सेतल्या भाकरीचा) डबा, द्राक्षारसाची छोटी बाटली, पाण्याची बाटली, वेदीवरची चादर, चालीसखाली पसरायचं चौकोनी कापड, चालीस पुसायचं वेगळं कापड, दोन मेणबत्त्या, क्रूस, मिस्साग्रंथ, वाचनांचं पुस्तक, पांढरा झगा, स्टोल (गळ्यात घालायचा पट्टा). पुन्हा भरताना बहुतेक मुलं काहीतरी बाहेर ठेवतात, आणि बाहेर राहते ती नेमकी द्राक्षारसाची बाटली, कारण ती सगळ्यात लहान. मग फादर सांगतात की ही बाटली राहिली तर चाळीस किलोमीटर मोटारसायकल हाणून गेल्यावरही त्या गावात मिस्सा होत नाही. गावातलं सरबत चालत नाही, मनुकांचं पाणीही चालत नाही. द्राक्षांपासूनचा नैसर्गिक, न बिघडलेला द्राक्षारसच (वाइनच) लागतो. त्यावर हमखास प्रश्न येतो: आपल्याकडं गहू कमी, जोंधळा जास्त, मग ज्वारीच्या भाकरीवर मिस्सा का नको? उत्तर स्पष्ट मिळतं: भाकर फक्त गव्हाची, कॅनन (चर्चच्या कायद्याचं कलम) ९२४. इथं भावनेला किंवा ‘स्थानिक संस्कृती’ला जागा नाही, गहू नसेल तर संस्कारच होत नाही. अशा वेळी गावात शास्त्रवाचन आणि प्रार्थना घ्यायची, आधीच्या मिस्सेतलं ख्रिस्तशरीर सोबत असेल तर ते द्यायचं आणि परतायचं. या पाऊण तासात मुलांच्या ध्यानात येतं की फादर आपल्या मनाचा मालक नसतो. जे दिलं आहे तेच त्याला जसंच्या तसं पोचवायचं असतं.

वहीचंही तसंच. रविवारी मुख्य चर्चमध्ये एक मिस्सा, मग दोन गावं, की हिशेब संपला. नियमाप्रमाणे धर्मगुरूनं दिवसाला एकच मिस्सा करायची. फादर कमी असतील तर बिशप योग्य कारणासाठी दोन, आणि रविवारी किंवा सक्तीच्या सणाला गरजेपोटी तीनपर्यंत परवानगी देऊ शकतात. एका धर्मग्रामाला पंधरा-वीस गावं असतील, तर उरलेल्या गावांची पाळी पुढच्या आठवड्यात. मधल्या दिवसांत आजाऱ्यांचं तैलाभ्यंग, मयत, लग्नाआधीची चौकशी, शाळेची फाइल, बोअरची मोटर जळाली म्हणून मेकॅनिकची वाट बघणं. बीडकडच्या धर्मग्रामांत दसऱ्यानंतर अर्धं गाव ऊसतोडीला जातं, मग बाप्तिस्मे आणि लग्नं सगळी उन्हाळ्यात एकदम येतात. या वहीत ‘प्रवचनाची तयारी’ला दोन तास राखलेले दिसतात आणि बहुतेक आठवड्यांत त्यावर काट मारलेली दिसते. ती काट मुलांना दाखवण्याचा प्रामाणिकपणा आम्हाला फार आवडला.

याच वहीच्या समासात बारीक अक्षरांत प्रहर-प्रार्थनेच्या खुणा असतात: वाचनप्रहर, सकाळची, दिवसाची, संध्याकाळची, रात्रीची. या पाच वेळा स्तोत्रं म्हणणं हे डीकन (फादर होण्याआधीची पायरी) झाल्या दिवसापासून रोजचं बंधन आहे. कुणी सोबत असो-नसो, ताप असो, एसटी बंद पडलेली असो. शिबिरात इंग्रजी प्रार्थनाग्रंथाचा एक जाड खंड मुलांच्या हातात देतात आणि आजची पानं शोधायला सांगतात. ग्रंथाला पाच-सहा रंगीत फिती. एक फीत ऋतूच्या पानावर, एक स्तोत्रांच्या आठवड्यावर, एक संतांच्या सणावर, एक रोज लागणाऱ्या ठरलेल्या गीतांवर. मुलं स्तोत्रांच्या आठवड्यावरच अडकतात, कारण चार आठवड्यांचं चक्र असतं आणि आज कितवा आठवडा हे आधी काढावं लागतं. दहा मिनिटं चाळूनही पान सापडत नाही. गंमत वाटते, पण सराव उपयोगाचा आहे.

हा ग्रंथ इंग्रजी आहे, आणि शिबिराची पहिली मोठी उणीव तिथेच आहे. इंग्रजीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. येणारी बहुतेक मुलं जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतली. पुढं नागपूरच्या सेंट चार्ल्स सेमिनरीत (फादर घडवणाऱ्या संस्थेत) गेलं (नागपुरातल्या सेमिनरी हिल्सला ते नाव या सेमिनरीमुळेच), किंवा पुण्याच्या पेपल सेमिनरीत, तरी तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान इंग्रजीतून शिकावं लागतं. पेपल सेमिनरी १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीला सुरू झाली आणि १९५५ मध्ये पुण्यात आली. देशभरातली मुलं एका वर्गात बसणार म्हटल्यावर इंग्रजीला पर्याय नाही. शिबिरात तत्त्वज्ञानाच्या पुस्तकाचं एक पान वाचायला दिलं असतं तरी मुलाला कळलं असतं की पहिलं वर्ष कशात जाणार आहे. त्याऐवजी संत जॉन व्हियान्नी यांची गोष्ट सांगतात: त्यांना लॅटिन जड गेलं, तरी ते धर्मगुरू झाले आणि १९२९ मध्ये धर्मग्रामांच्या फादरांचे आश्रयदाते संत ठरले. गोष्ट खरी आहे. पण तिचा अर्थ ‘अभ्यास नाही जमला तरी चालेल’ असा निघतो, आणि तो चुकीचा आहे. व्हियान्नींनी अभ्यास सोडला नव्हता, नापास होऊनही पुन्हा बसले होते.

फळ्यावर वर्षांचा हिशेब लिहितात, त्यात दोन ढोबळ चुका आहेत.

पहिली: ‘२५ वर्षं पूर्ण झाली की गुरुदीक्षा’ (म्हणजे फादर होण्याचा विधी). पंचवीस ही किमान वयाची अट आहे, मुदत नव्हे. डीकनपदासाठी किमान २३, आणि डीकन व गुरुदीक्षा यांत कमीत कमी सहा महिन्यांचं अंतर. खरा हिशेब असा लागतो. बारावीनंतर मूल अठराचं. पूर्वतयारीचा टप्पा एक वर्ष, लागलं तर दोन. व्हॅटिकननं २०१६ मध्ये काढलेल्या प्रशिक्षणाच्या नियमावलीत या टप्प्याला एकाहून कमी आणि दोनाहून जास्त वर्षं नाहीत. मग तत्त्वज्ञान दोन वर्षं, बहुतेक ठिकाणी एक वर्ष धर्मग्रामात प्रत्यक्ष काम, आणि ईश्वरविज्ञान चार वर्षं. कमीत कमी आठ वर्षं झाली. धर्मप्रांतानं (एका बिशपांच्या हाताखालच्या विभागानं) मध्ये पदवी करायला सांगितली तर अकरा. म्हणजे सव्वीस ते एकोणतीस. दहावीनंतर आलेल्या मुलाला आधी बारावी करावी लागते, ती दोन वर्षं वेगळी. कुठं एखादं वर्ष थांबायला सांगितलं, तर तेही धरावं. शेतीवर हात कमी पडणार असतील तर घरच्यांना हा आकडा पहिल्याच दिवशी कळायला हवा.

दुसरी चूक जास्त गंभीर. फळ्यावर ‘सगळे फादर दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन या तीन शपथा घेतात’ असं लिहिलं होतं. तीन व्रतं घेतात ते धर्मसंघाचे फादर, म्हणजे येशूसंघी, फ्रान्सिस्कन, सलेशियन यांच्यासारखे. धर्मप्रांतीय फादर ब्रह्मचर्य स्वीकारतो आणि बिशपांच्या आज्ञेत राहण्याचं वचन देतो. दारिद्र्याचं व्रत त्याला नसतं, साधं राहणीमान मात्र अपेक्षित असतं. घरच्यांसाठी हा फरक थेट सातबाऱ्यापर्यंत जातो. धर्मप्रांतीय फादर झालेल्या मुलाचं नाव वडिलोपार्जित जमिनीवर राहू शकतं. संघात जाणाऱ्याला आजन्म व्रतांआधी आपल्या मालमत्तेचं मृत्युपत्र करावं लागतं, ते सरकारी कायद्यातही टिकेल असं. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही: फेडता न येणारं कर्ज डोक्यावर असलेल्याला संघाच्या नवदीक्षितांत (व्रतांआधीच्या प्रशिक्षणात) घेत नाहीत. सज्ञान मुलाच्या नावावर पीककर्ज काढलं असेल किंवा तो जामीन राहिला असेल, तर ते आधी मिटवावं, निदान लपवू तरी नये.

ज्यांना ही भानगड नवीन आहे त्यांच्यासाठी: १९७७ मध्ये अमरावतीपासून वेगळ्या झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतासाठी शिकणारा मुलगा साधारण इथंच, आपल्या भागात काम करणार. संघाचा मुलगा झारखंडलाही जाईल, नाहीतर आफ्रिकेला. वैजापूर तालुक्यातल्या माळीघोगरगावला ज्यांचं नाव अजून घेतात ते फादर गुरियन जाकिये फ्रान्समधून संघाचेच म्हणून आले होते. त्यांच्या गावच्यांनीही कधीतरी ‘इतक्या लांब कशाला’ म्हटलंच असेल.

ब्रह्मचर्यावरचं सत्र दहा मिनिटांत गुंडाळतात, आणि तेही ‘लग्न करायचं नाही, बस’ एवढ्यावर. जालन्याच्या बाजूला प्रॉटेस्टंट परंपरा जुनी, त्यामुळं मुलांच्या शेजारीपाजारी बायका-पोरं असलेले पास्टर असतात. मुलं विचारतातच: पास्टरांना चालतं, फादरांना का नाही? सरळ उत्तर द्यायला हवं. ही लॅटिन मंडळीची, म्हणजे आपल्या रोमन परंपरेच्या चर्चची, शिस्त आहे. पौर्वात्य कॅथलिक मंडळ्यांत विवाहित पुरुषाला दीक्षा मिळू शकते, पण दीक्षेनंतर लग्न तिथंही नाही. लॅटिन मंडळी ब्रह्मचर्य मागते ते ख्रिस्ताला आणि लोकांना अविभागलेलं मन देता यावं म्हणून. ते पेलायचं कसं, यातच खरं प्रशिक्षण आहे: एकटेपणात संध्याकाळ कशी काढायची, मोबाइल कुठं ठेवायचा, मैत्री किती आणि कशी, कुणाशी बोलायचं. यातलं शिबिरात काहीच येत नाही. संध्याकाळी सात ते नऊ हा फादरांच्या दिवसातला सगळ्यात कठीण वेळ असतो हे वहीवाल्या सत्रात सहज सांगता आलं असतं.

आज्ञापालन मात्र चांगलं समजावतात, कारण विधीच करून दाखवतात. गुरुदीक्षेत उमेदवार आपले जोडलेले हात बिशपांच्या हातात देतो. बिशप विचारतात: माझा आणि माझ्या वारसांचा आदर राखून आज्ञेत राहशील का? ‘वारसांचा’ या शब्दावर फादर थांबतात. जे बिशप अजून नेमलेले नाहीत, ज्यांचा स्वभाव ठाऊक नाही, त्यांनाही आजच वचन. बदली झाली की दोन सुटकेस आणि पुस्तकांची खोकी. लोक रडतात, पुढच्या महिन्यात नव्या फादरांच्या नावानं जेवण ठेवतात. सरपंचकीला उभं राहता येईल का, असंही एका मुलानं विचारलं. नाही, सत्तेच्या पदावर धर्मगुरूला बसता येत नाही. पक्षाचं काम नाही, धंदाही नाही.

त्याच विधीतला आणखी एक क्षण दाखवायला हवा होता, तो सुटला. उमेदवाराचं नाव पुकारल्यावर बिशप त्याला विचारत नाहीत ‘तू लायक आहेस का?’ ते जबाबदार धर्मगुरूला विचारतात: हा लायक आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का? आणि लोकांकडं चौकशी करून, प्रशिक्षण देणाऱ्यांचं मत घेऊन तो उत्तर देतो. पाचारण म्हणजे काय हे यापेक्षा नेमकं कुठं सांगितलेलं नाही. आतून वाटणं हा अर्धा भाग, मंडळीनं बोलावणं हा दुसरा अर्धा. मुलाला कितीही ओढ असली तरी बिशपांनी ‘नाही’ म्हटलं तर गुरुदीक्षेवर त्याचा हक्क नसतो.

म्हणूनच शेवटच्या रात्रीचा कार्यक्रम आम्हाला पटला नाही. दिवे घालवतात, वेदीसमोर मेणबत्ती, हार्मोनियमवर संथ गीत, आणि मुलांना एक कार्ड: ‘प्रभू, हा मी आहे’ खाली सही करून टोपलीत टाकायचं. दिवसभर उन्हात, रात्री जागरण, शेजारचा मित्र उठला म्हणून हा उठतो. कॅनन १०२६ म्हणतो की कुणालाही कुठल्याही कारणानं गुरुदीक्षेसाठी भाग पाडू नये. (त्याच कॅननात लायक माणसाला अडवणंही मना आहे. ते घरी वडिलांनी वाचावं.) खरं लेखी निवेदन कॅनन १०३६ प्रमाणे पुढं कित्येक वर्षांनी, डीकनपदाच्या आधी आणि गुरुदीक्षेच्या आधी, स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं असतं. सोळा वर्षांच्या मुलाकडून मेणबत्तीच्या उजेडात सही घेतली की ‘परत आलो तर तोंड कसं दाखवू’ ही भीती त्याच रात्री पेरली जाते. सेमिनरीतून परत येणं म्हणजे पळून येणं नव्हे, हे वाक्य तीन दिवसांत एकदाही कानावर आलं नाही.

आणखी एक तक्रार. ज्या फादरांकडं मुलांनी पापनिवेदन केलं, मुलाखती त्यांनीच घेतल्या आणि शिफारसही तेच करणार. नियम याच्या उलट आहे: सेमिनरीत कुणाला पुढं न्यायचं, कुणाला घरी पाठवायचं, हे ठरवताना पापनिवेदन ऐकणाऱ्याचं किंवा आध्यात्मिक मार्गदर्शकाचं मत कधीच विचारायचं नसतं. शिबिर म्हणजे सेमिनरी नव्हे, हे मान्य. पण पापनिवेदनाला शेजारच्या धर्मग्रामाचे एक फादर बोलावले असते तर मुलं मोकळी झाली असती.

कागदपत्रांची यादी देतात, तीत ‘बाप्तिस्म्याचा दाखला’ एवढंच लिहिलं आहे. घरी फ्रेम करून ठेवलेला जुना दाखला उपयोगाचा नाही. नोंदवहीवरून नव्यानं काढलेला हवा, कारण दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा संस्कार), लग्न, दीक्षा यांच्या नोंदी त्याच पानाच्या समासात होतात आणि सेमिनरीला तो समास बघायचा असतो. आपल्याकडं नेहमीचा घोळ म्हणजे शाळेत नाव संतोष, चर्चमध्ये जोसेफ, आणि आधारवर वडिलांचं नाव तिसरंच. शाळेचा दाखला आणि आधार जुळवणं बारावीच्या आधी केलं तर सोपं. नंतर प्रतिज्ञापत्र आणि राजपत्राच्या चकरा. बाप्तिस्म्याच्या वहीत खाडाखोड करून द्या म्हणून मात्र फादरांच्या मागं लागू नये. दृढीकरण झालं नसेल तर ते आधी उरकावं. मुलगा पूर्वी दुसऱ्या सेमिनरीतून निघाला असेल, तर तिथल्या प्रमुखांचं पत्र लागतंच, आणि लपवलेलं कळल्यावर दार कायमचं बंद होतं.

आई-बापांसाठी शेवटच्या दुपारी एक तास ठेवतात. मायबाप मंडळी गच्च भरतात आणि एकच प्रश्न फिरून फिरून येतो: ‘लेकरू तिकडं गेलं तर म्हातारपणी आमच्याकडं बघंल कोण?’ यावर ‘देव बघेल’ हे उत्तर पुरेसं नाही. फादरांना मिळणारा भत्ता तुटपुंजा असतो, त्यावर घर चालवायची आशा धरू नये. एकुलता एक मुलगा असणं ही कायद्यानं अडचण नाही, पण घरात त्याच्यावरच अवलंबून माणसं असतील तर ते अर्जातच लिहावं. बिशप ते विचारात घेतात.

एकंदरीत पाचपैकी साडेतीन. पहिल्यांदा चौकशी करणाऱ्या, दहावी-बारावीच्या मुलासाठी हे शिबिर चांगलं. पदवी झालेल्या, नोकरीत असलेल्या तरुणानं इथं न जाता थेट धर्मप्रांताच्या पाचारण संचालकांची वेळ घ्यावी. या लेकरांत त्याला अवघडल्यासारखं होईल, आणि त्याचे प्रश्नही वेगळे.

सोबत चादर, बादली, टॉर्च, टोपी, जपमाळ, ओआरएसची पाकिटं आणि वही न्यावी. फोन पहिल्या दिवशी जमा करतात, म्हणून घरचे दोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवावेत. शेवटच्या दिवशी मिस्सा संपायला साडेचार वाजतात आणि आडगावांकडची शेवटची एसटी तोवर निघून गेलेली असते. लांबच्या मुलांनी दुपारच्या जेवणानंतरच निघायची परवानगी पहिल्या दिवशीच मागून ठेवावी. देतात.